दुखणे कानाचे, तपासणी हृदयाची : बहिऱ्या उंदरांनी वैद्यकास काय शिकविले?

जन्मतः ऐकू न येणारे मूल रुग्णालयात आणले म्हणजे त्याचे कान तपासले जाणार, हे पालकांनी गृहीत धरलेले असते. परंतु डॉक्टर त्याच मुलाच्या हृदयाचा आलेख काढावयास सांगतात, डोळ्यांचा पडदा तपासण्याची शिफारस करतात, कानाच्या पुढील बाजूस बारीक छिद्र आहे काय ते पाहतात, घरात कोणाच्या केसांत लहानपणापासून पांढरी बट आहे काय असे विचारतात. मूल किती महिन्यांचे असताना चालू लागले, आई-वडील विवाहापूर्वी नात्यातील होते काय, याचीही विचारपूस होते. अशा वेळी बार्शीटाकळी व परिसरातील गावांहून आलेले आजी-आजोबा गोंधळून जातात. ‘दुखणे कानाचे आणि तपासणी छातीची, हे कसे?’ असा त्यांचा साधा व रास्त प्रश्न असतो. आमच्या देणगीदारांपैकी काहींनीही हाच प्रश्न निराळ्या शब्दांत विचारला आहे : एका दोषासाठी एवढ्या तपासण्यांवर खर्च कशासाठी?

या प्रश्नाचे उत्तर एका अनपेक्षित ठिकाणी सापडते. प्रयोगशाळेत वाढविल्या जाणाऱ्या, जनुकीय दोष असलेल्या लहानशा उंदरांनी ते वैद्यकशास्त्रास दिलेले आहे. यंदाच्या अहवालात त्या उंदरांचा परिचय करून देण्याचे योजिले आहे. विषय वरवर पाहता दूरचा वाटेल. परंतु श्रवणदोष असलेल्या आपल्या भागातील बालकांच्या जीविताशी व शिक्षणाशी त्याचा निकटचा संबंध आहे, हे पुढील विवेचनावरून ध्यानात येईल.

उंदीरच का?

मनुष्य व उंदीर यांच्या बाह्यरूपात काहीच साम्य नाही. आंतरिक रचनेत मात्र पुष्कळ आहे. उंदराच्या संपूर्ण जनुकसंचाचा आराखडा २००२ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याच्या सुमारे ९९ टक्के जनुकांशी मिळतीजुळती जनुके मानवातही असल्याचे दिसून आले. कानाच्या बाबतीत हे साम्य विशेष आहे. कानाचा पडदा, त्यामागील तीन इवलीशी हाडे, गोगलगायीच्या शंखासारखा वळलेला कर्णावर्त (ज्यास डॉक्टर कॉक्लिया म्हणतात) आणि तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका हे सर्व भाग दोहोंतही असतात. माणसाचा कर्णावर्त सुमारे ३५ मिलिमीटर लांबीचा, तर उंदराचा जेमतेम ६ मिलिमीटर लांबीचा असतो; कार्यपद्धती मात्र एकच.

दुसरे कारण व्यावहारिक आहे. उंदरीण सुमारे तीन आठवड्यांत विते आणि पिले दोन महिन्यांच्या आत प्रजननक्षम होतात. मानवी कुटुंबातील चार पिढ्यांचा इतिहास जमविण्यास शंभर वर्षे लागतात. उंदरांच्या चार पिढ्या वर्षभरात डोळ्यांसमोर येतात. त्यातच भावा-बहिणींचा सलग वीस पिढ्या संकर करून शास्त्रज्ञांनी उंदरांचे असे वंश तयार केले आहेत, की एका वंशातील सर्व उंदीर जनुकीय दृष्ट्या जवळजवळ एकसारखे असतात. अशा वंशात एखाद्या पिलाला दोष दिसला, तर तो आहारामुळे की जनुकामुळे हे ठरविणे सोपे जाते.

उंदराला ऐकू येत नाही, हे कसे कळते?

उंदराच्या पिलाला जन्मतः ऐकू येत नाही. त्याच्या कानाची वाट साधारण बाराव्या दिवशी उघडते. निरोगी उंदीर माणसाला ऐकू न येणारे अतिउच्च स्वरही ऐकतो. म्हणून शास्त्रज्ञ एका लहान पेटीतून तीव्र व उच्च स्वराचा ‘टिक्’ असा आवाज काढतात. ऐकणाऱ्या उंदराचे कान तत्क्षणी मागे फडकतात व तो दचकतो. बहिरा उंदीर स्तब्ध राहतो. ही चाचणी करताना उंदराला हात दिसू नये, हवेचा झोत लागू नये आणि तळाला कंप जाणवू नये, याची दक्षता घ्यावी लागते.

येथे पालकांसाठी एक महत्त्वाची सूचना आहे. घरी बाळाच्या मागे थाळी वाजविली आणि बाळाने वळून पाहिले, म्हणजे त्याला ऐकू येते, असा समज आपल्याकडे सर्वत्र आहे. परंतु थाळीचा कंप जमिनीतून पोहोचतो, वाजविणाऱ्याची सावली दिसते, आईच्या चेहऱ्यावरील भाव बदलतो. बहिरे मूल या खुणांवर बहुधा अधिकच सजग असते. यास्तव उंदराच्या चाचणीत जी दक्षता आवश्यक मानली जाते, ती थाळीच्या चाचणीत पाळली जात नाही आणि निदान वर्ष-दोन वर्षे लांबते.

अचूक निदानासाठी शास्त्रज्ञ उंदराला भूल देऊन त्वचेखाली सूक्ष्म तारा लावतात आणि आवाज ऐकविल्यावर श्रवणमज्जातंतूंपासून मेंदूपर्यंत जाणाऱ्या विद्युत्‌लहरी मोजतात. हीच चाचणी बालकांमध्ये ‘बेरा’ या नावाने ओळखली जाते. त्यात तारा टोचाव्या लागत नाहीत. त्वचेवर चिकटपट्ट्या लावून, बाळ झोपलेले असताना ती करता येते. मानवी अर्भक मात्र उंदरापेक्षा एका बाबतीत पुढे आहे : ते आईच्या उदरात असतानाच, गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीत, ऐकू लागते. म्हणून त्याची श्रवणचाचणी जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांतच करता येते. ‘जरा मोठे होऊ द्या, मग पाहू’ या म्हणण्यास शास्त्राचा आधार नाही.

नाचरे उंदीर आणि उशिरा चालणारी मुले

जपानमधून आलेली ‘नाचरे उंदीर’ ही जात एकेकाळी हौशी लोक पाळीत असत. हे उंदीर स्वतःभोवती गरगर फिरत, डोके झटकत आणि सरळ रेषेत चालू शकत नसत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट यर्क्स यांनी १९०७ साली त्यांच्यावर एक ग्रंथच लिहिला. पुढे १९२९ साली डोके हलविणाऱ्या दुसऱ्या एका उत्परिवर्तित उंदराचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्यास ‘शेकर’ असे नाव मिळाले. लोकांना त्यांचे नाचणे गमतीचे वाटे. वस्तुतः ते नृत्य नव्हते, तो आंतरकर्णाचा आजार होता. या उंदरांना तोल सांभाळता येत नव्हता आणि ऐकूही येत नव्हते.

या दोन्ही दोषांचे मूळ एकाच ठिकाणी आहे. आंतरकर्णात अतिशय नाजूक अशा केसपेशी असतात. माणसाच्या एका कर्णावर्तात त्यांची संख्या सुमारे पंधरा हजार असते. प्रत्येक पेशीच्या माथ्यावर जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे चढत्या उंचीच्या रोमांचा झुबका असतो आणि आखूड रोमाचे टोक शेजारच्या उंच रोमाशी एका सूक्ष्म धाग्याने बांधलेले असते. ध्वनीच्या लहरीने झुबका कलला की धागा ताणला जातो, पेशीचे द्वार उघडते आणि विद्युत्‌संदेश मेंदूकडे निघतो. तोल सांभाळणाऱ्या भागातही याच प्रकारच्या पेशी असतात. म्हणूनच झुबक्याची रचना बिघडली, तर श्रवण आणि तोल ही दोन्ही एकदम जातात.

शेकर उंदरातील सदोष जनुक १९९५ साली सापडले. ‘मायोसिन-७-ए’ या प्रथिनाचे हे जनुक रोमांचा झुबका सुव्यवस्थित ठेवण्यासाठी लागते. त्याच वर्षी हेच जनुक ‘अशर’ नावाच्या मानवी विकाराच्या एका प्रकारातही सदोष असल्याचे सिद्ध झाले. नाचऱ्या उंदरातील जनुक २००१ साली सापडले. ते रोमांना बांधणाऱ्या धाग्याच्या एका घटकाचे निघाले आणि तेही अशर विकाराच्या दुसऱ्या प्रकारास कारणीभूत असल्याचे दिसून आले.

अशर विकाराच्या तीव्र प्रकारात मूल जन्मतः बहिरे असते. मान उशिरा धरते व बहुधा दीड वर्षानंतर चालू लागते, कारण त्याच्या आंतरकर्णातील तोलाची व्यवस्था काम करीत नसते. घरातील मंडळी त्यास ‘अशक्तपणा’ समजतात. पुढे साधारण दहा वर्षांच्या आसपास त्यास रातांधळेपणा जाणवू लागतो आणि दृष्टीची कक्षा हळूहळू आकुंचित होत जाते. जे मूल हातांच्या खुणा व ओठांच्या हालचाली पाहून जग समजून घेणार, त्याची दृष्टीच पुढे अधू होणार असेल, तर ते आधीच माहीत असणे किती आवश्यक आहे! अशा मुलाच्या बाबतीत कॉक्लियर इम्प्लांटचा निर्णय लांबणीवर टाकता येत नाही. ‘मूल केव्हा चालू लागले?’ हा डॉक्टरांचा प्रश्न आणि डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, ही दोन्ही यासाठीच असतात.

पांढरी बट आणि कानातील विद्युत्‌दाब

उत्परिवर्तित उंदरांच्या काही वंशांत अंगावर पांढरे डाग असतात किंवा सर्वांगच पांढरे असते, आणि त्यांपैकी अनेक बहिरे असतात. रंगाचा आणि श्रवणाचा संबंध काय? त्वचेला व केसांना रंग देणाऱ्या पेशी गर्भावस्थेत पाठीच्या कण्याजवळील भागातून निघून शरीरभर पसरतात. त्यांतील काही आंतरकर्णातही जाऊन वसतात. तेथे त्यांचे काम रंग देण्याचे नसते. कर्णावर्तातील द्रवात पोटॅशियमचे प्रमाण उच्च राखणे व सुमारे ८० मिलिव्होल्ट इतका विद्युत्‌दाब टिकविणे, यात त्यांचा सहभाग असतो. हा दाब म्हणजे केसपेशींची जणू बॅटरीच होय. रंगपेशी कर्णापर्यंत पोहोचल्याच नाहीत, तर बॅटरी भारित होत नाही व केसपेशी असूनही निरुपयोगी ठरतात. रंगद्रव्य तयार न होणारे, परंतु रंगपेशी जागेवर असणारे पांढरे उंदीर मात्र केवळ त्या कारणाने बहिरे होत नाहीत.

डच नेत्रतज्ज्ञ वॉर्डेनबर्ग यांनी १९५१ साली वर्णिलेल्या मानवी विकारात कपाळावरील केसांची पांढरी बट, निळे किंवा दोन वेगळ्या रंगांचे डोळे आणि बहिरेपणा ही लक्षणे एकत्र आढळतात. पोटावर पांढरा डाग असलेल्या ‘स्प्लॉच’ उंदरामध्ये सदोष असलेले ‘पॅक्स-३’ हे जनुकच या विकाराच्या पहिल्या प्रकारात सदोष असते, हे १९९२ साली सिद्ध झाले. या विकारात दोष आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनही येऊ शकतो आणि एकाच कुटुंबात एकाला केवळ पांढरी बट, तर दुसऱ्याला पूर्ण बहिरेपणा असू शकतो. म्हणून आजोबांच्या पांढऱ्या बटेची चौकशी ही निरर्थक नसते. अर्थात निव्वळ घारे डोळे किंवा अकाली पिकलेले केस म्हणजे हा विकार नव्हे, हेही येथे स्पष्ट केले पाहिजे.

हृदयाचा आलेख कशासाठी?

आंतरकर्णातील द्रवात पोटॅशियम पोहोचविण्यासाठी पेशींच्या आवरणात एक विशिष्ट द्वार असते. त्या द्वाराचा एक घटक ज्यांच्यात नाही, असे उंदीर १९९६ साली तयार करण्यात आले. ते बहिरे निघाले व गरगर फिरू लागले. त्यांच्या आंतरकर्णातील द्रवाची पोकळी जन्मानंतर आकसून गेलेली आढळली. हेच द्वार हृदयाच्या स्नायूंतही असते. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला पुन्हा सज्ज करण्याचे काम ते करते.

१९५७ साली जर्व्हेल व लांगे-नील्सन या नॉर्वेतील डॉक्टरांनी एका कुटुंबातील जन्मतः बहिऱ्या मुलांचे वर्णन केले होते. ही मुले अचानक बेशुद्ध पडत आणि त्यांपैकी काहींचा त्यातच मृत्यू झाला. त्या विकाराचे मूळ याच द्वाराच्या जनुकांत असल्याचे १९९७ साली निष्पन्न झाले. धावताना, घाबरल्यावर वा फार रडल्यावर अशा मुलाच्या हृदयाची लय बिघडते व ते कोसळते. बघणाऱ्यांना ती फीट वाटते. कोठे कोठे त्यास बाहेरची बाधाही मानले जाते. विकार दुर्मीळ आहे हे खरे. परंतु तो ओळखण्यास लागणारा हृदयाचा आलेख काही मिनिटांत निघतो, त्यास खर्चही फारसा येत नाही आणि निदान झाल्यास औषधोपचाराने प्राण वाचू शकतो. कानाच्या शस्त्रक्रियेसाठी भूल देण्यापूर्वी तर ही माहिती असणे अत्यावश्यक आहे. ‘दुखणे कानाचे आणि तपासणी छातीची’ या प्रश्नाचे हे उत्तर होय.

कानाजवळील छिद्र आणि मूत्रपिंड

‘आय्या-१’ या जनुकाच्या दोन्ही प्रती नष्ट केलेल्या उंदरांच्या पिलांत कान व मूत्रपिंड तयारच होत नाहीत, असे १९९९ साली दिसून आले. गर्भाच्या वाढीत एकच जनुक दोन दूरच्या अवयवांची उभारणी करते, याचा हा पुरावा होता. माणसात या जनुकाची एक प्रत सदोष असल्यास कानापुढे बारीक छिद्र, मानेवर स्रवणारे छिद्र, श्रवणदोष आणि मूत्रपिंडाच्या रचनेतील विकृती एकत्र आढळतात. कानापुढील एकटे छिद्र अनेक निरोगी व्यक्तींनाही असते व त्याची चिंता करण्याचे कारण नसते. परंतु छिद्रासोबत श्रवणदोष असल्यास पोटाची सोनोग्राफी करून मूत्रपिंडे पाहून घेणे हितावह ठरते.

दोन बहिऱ्या उंदरांची ऐकणारी पिले

आता कुटुंबीयांना सर्वाधिक छळणारा प्रश्न : ‘आमच्या दोघांच्या घराण्यांत कोणी बहिरे नाही, मग बाळालाच का?’

बहिरेपणाचे बहुतेक जनुकीय प्रकार अप्रकट असतात. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून व एक वडिलांकडून आलेली. एक प्रत सदोष व दुसरी चांगली असेल, तर मनुष्य उत्तम ऐकतो. त्याला दोषाची वार्ताही नसते. पती व पत्नी दोघांकडेही एकाच जनुकाची एकेक सदोष प्रत असेल, तर प्रत्येक गर्भारपणी बाळ बहिरे असण्याची शक्यता चारांत एक असते. बहुसंख्य बहिरी मुले ऐकणाऱ्या आई-वडिलांच्याच पोटी जन्माला येतात, ती यामुळे. ग्रहणात भाजी चिरल्याने, सुनेच्या पायगुणाने किंवा कोणाच्या शापाने बहिरेपणा येत नाही. दोष असलाच तर तो दोन्ही घराण्यांतून समसमान आलेला असतो. आमच्या बाह्यरुग्ण विभागात अनेकदा बाळाच्या आईला मान खाली घालून बसलेली आम्ही पाहतो. तिच्यावर ठेवल्या जाणाऱ्या दोषास शास्त्रात तिळमात्रही आधार नाही, हे या अहवालाच्या निमित्ताने आम्ही स्पष्टपणे नमूद करू इच्छितो.

नात्यातील विवाहाचा विचारही येथेच करावयास हवा. मामेबहीण-आतेभाऊ यांच्या जनुकांचा सरासरीने आठवा हिस्सा समान असतो. त्यामुळे एकच सदोष प्रत दोघांकडेही असण्याचा संभव वाढतो. सख्ख्या भावंडांच्या संकरातून निर्माण केलेल्या उंदरांच्या वंशांत दडलेले दोष प्रकट होतात, त्यामागील कारणही हेच. म्हणजे नात्यात विवाह झाला की मूल बहिरे होणारच, असे मुळीच नाही. अशा बहुसंख्य दांपत्यांची मुले निरोगी असतात. परंतु कुटुंबात आधीच बहिरेपणा असेल, तर विवाहापूर्वी किंवा पुढील अपत्यापूर्वी सल्ला घेणे शहाणपणाचे ठरते.

या संदर्भात ‘शेकर-२’ नावाच्या दुसऱ्या एका उंदराची हकीकत उद्बोधक आहे. शेकर-१ व शेकर-२ हे दोन्ही उंदीर बहिरे. दोन्ही सारखेच डोके हलविणारे. परंतु या दोहोंचा संकर केला असता सर्व पिले ऐकणारी निपजतात. कारण दोघांतील सदोष जनुके भिन्न आहेत आणि पिलाला प्रत्येक जनुकाची एकेक चांगली प्रत मिळते. दोन बहिऱ्या व्यक्तींचा विवाह झाल्यास मुले बहिरीच होतील, हा समज म्हणूनच सरसकट खरा नाही. दोघांचा दोष एकाच जनुकात असेल तर मात्र सर्व मुले बहिरी होतात. कोणती परिस्थिती आहे, हे रक्ताच्या जनुकीय तपासणीवरून कळू शकते.

शेकर-२ उंदरातील जनुक १९९८ साली सापडले. शास्त्रज्ञांनी बहिऱ्या वंशाच्या उंदरांत त्या जनुकाची चांगली प्रत गर्भावस्थेपूर्वीच घातली आणि जन्मलेले पिलू ऐकू शकले. त्याच वेळी इंडोनेशियातील बाली बेटावरच्या बेंगकाला या गावातील बहिरेपणाचे व दोन भारतीय कुटुंबांतील बहिरेपणाचे कारणही हेच जनुक असल्याचे उघड झाले. उंदराचा पिंजरा, बालीतील खेडे व भारतातील घर यांना जोडणारा हा धागा होता. बेंगकाला गावाची आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. सुमारे बावीसशे वस्तीच्या त्या गावात ४७ जण बहिरे असल्याची नोंद १९९५ साली झाली. परंतु तेथील ऐकणारे ग्रामस्थही खुणांची भाषा बोलतात. त्यामुळे बहिरा मनुष्य तेथे गावापासून तुटत नाही.

आपल्या देशात ‘कोनेक्सिन-२६’ या प्रथिनाच्या जनुकातील दोष बहिरेपणाचे एक प्रमुख कारण आहे. यात बहुधा श्रवणाखेरीज अन्य कोणताही अवयव बाधित होत नाही, मुलाची बुद्धी उत्तम असते आणि कॉक्लियर इम्प्लांटचा लाभही चांगला होतो. असे निदान झाल्यास पालकांच्या मनावरील मोठे ओझे उतरते.

उंदीर म्हणजे मनुष्य नव्हे

या संशोधनाच्या मर्यादाही सांगणे आमचे कर्तव्य आहे. शेकर उंदीर बहिरा असतो, परंतु अशर विकाराच्या रुग्णाप्रमाणे त्याची दृष्टी जात नाही. स्प्लॉच उंदराच्या पोटावर पांढरा डाग असतो, पण त्यास सामान्यतः ऐकू येते. कोनेक्सिन-२६ च्या दोन्ही प्रती नसलेले मूल केवळ बहिरे असते. तसे उंदराचे पिलू मात्र गर्भातच दगावते, आणि म्हणून फक्त कानापुरते ते जनुक काढलेले उंदीर २००२ साली वेगळे तयार करावे लागले. उंदराचे हृदय मिनिटाला पाचशे-सहाशे ठोके देते. त्याच्या आलेखावरून माणसाच्या हृदयाविषयी थेट अनुमान काढता येत नाही. उंदीर वाट दाखवितो. निर्णय रुग्णाला तपासूनच करावा लागतो.

मुक्या जिवांना होणाऱ्या त्रासाविषयी काही देणगीदारांच्या मनात येणारी शंकाही आम्हास मान्य आहे. आपल्या देशात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये व १९९८ च्या नियमांन्वये अशा प्रयोगांवर देखरेख असते. नोंदणी व समितीची पूर्वपरवानगी यांशिवाय प्रयोग करता येत नाहीत. आमच्या रुग्णालयात प्राण्यांवर कोणताही प्रयोग होत नाही. इतरत्र झालेल्या कार्याचे फळ रुग्णांपर्यंत पोहोचविणे, एवढेच आमचे काम आहे.

उपचाराची नवी पहाट

सस्तन प्राण्यांच्या कर्णावर्तातील केसपेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. त्यामुळे जन्मजात बहिरेपणावर औषध नाही, असेच आजवर सांगावे लागे. या चित्रात आता बदल होऊ लागला आहे. संगीतकार बीथोव्हेन यांचे नाव दिलेला एक उंदीरवंश हळूहळू बहिरा होत जातो. त्याच्या कानातील सदोष जनुक निकामी करून श्रवण काही अंशी टिकविता येते, हे २०१७ च्या अखेरीस दाखविण्यात आले.

‘ओटोफर्लिन’ या प्रथिनाच्या अभावी केसपेशी आवाज टिपतात, परंतु मज्जातंतूकडे संदेश सोपवू शकत नाहीत. अशा उंदरांच्या कानात निरुपद्रवी विषाणूंमार्फत, दोन तुकड्यांत विभागून, चांगले जनुक पोहोचविल्यावर ते ऐकू लागले. त्यानंतर चीनमधील शांघाय येथे सहा बालकांवर हा उपचार करण्यात आला. त्यांपैकी पाच बालकांचे श्रवण सुधारल्याचा वृत्तांत ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. हा उपचार बहिरेपणाच्या एका लहान गटापुरताच लागू आहे आणि आपल्या भागातील बालकांसाठी तो नित्याचा झालेला नाही. त्याच्या आशेवर श्रवणयंत्र वा इम्प्लांट लांबणीवर टाकणे बाळाच्या हिताचे ठरणार नाही.

यातून आजच उपयोगी पडणारा एक धडाही मिळतो. ओटोफर्लिनच्या दोषात केसपेशी जिवंत असल्याने ‘ओएई’ ही प्राथमिक चाचणी बहुधा योग्य येते व बहिरेपणा निसटून जातो. म्हणून शंका असल्यास, पहिली चाचणी योग्य आली तरी, ‘बेरा’ करून घेणे आवश्यक असते.

पालकांसाठी

बहिरेपणाची सर्वच कारणे जनुकीय नसतात. गर्भारपणातील रुबेला, अपुऱ्या दिवसांचा जन्म, तीव्र कावीळ, मेंदूज्वर आणि काही प्रतिजैविकांची इंजेक्शने ही कारणेही तितकीच ध्यानात ठेवली पाहिजेत. कारण कोणतेही असो, पुढील गोष्टी सर्वांनी पाळाव्यात :

१. बाळाची श्रवणचाचणी पहिल्या महिन्यात, निश्चित निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपाययोजना सहाव्या महिन्यापर्यंत व्हावी. भाषा शिकण्याचा काळ पुन्हा येत नाही.

२. पहिल्या चाचणीत शंका आल्यास दुसरी चाचणी टाळू नये. पेरणी वा कापूस वेचणीच्या दिवसांत ती राहून जाते, असा आमचा अनुभव आहे.

३. बहिरे मूल कधी बेशुद्ध पडले असल्यास, उशिरा चालू लागले असल्यास किंवा त्यास रात्री कमी दिसत असल्यास डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

४. घराण्यातील बहिरेपणा, नात्यातील विवाह वा दगावलेली बालके यांविषयी माहिती लपवू नये. ती गोपनीय राखली जाते.

५. शासकीय योजनांचा लाभ घ्यावा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ साली महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. जन्मजात बहिरेपणाचा त्यात समावेश आहे. मुंबईत वांद्रे येथे १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था या क्षेत्रात कार्यरत आहे. कॉक्लियर इम्प्लांटसाठी केंद्र शासनाच्या ‘एडिप’ योजनेतून साहाय्य मिळते. मात्र त्यास वयाची अट असल्याने विलंब करू नये.

६. ज्या मुलास यंत्राचा लाभ होत नाही, त्यास खुणांची भाषा शिकवावी व घरातील सर्वांनी ती शिकावी.

समारोप

आपण दिलेल्या देणगीतून झालेल्या तपासण्या ताळेबंदात एका ओळीत मावतात. त्या ओळीमागे काय असते, हे सांगण्याचा हा प्रयत्न होता. एखाद्या बहिऱ्या मुलाच्या हृदयाचा आलेख निर्दोष आला, तर तो खर्च वाया गेला असे कृपया समजू नये. त्या मुलाची आई त्या रात्री निश्चिंत झोपते. आणि शेकडो आलेखांत एखादा जरी सदोष निघाला, तरी एका बालकाचे प्राण वाचण्याची संधी मिळते. मोठ्या शहरांतील बालकांना सहज मिळणाऱ्या या तपासण्या बार्शीटाकळी तालुक्यातील शेतकऱ्याच्या व शेतमजुराच्या बाळालाही वेळेवर मिळाव्यात, हीच आमची धडपड आहे.  हा लेख वाचून आपल्या गावातील एका जरी घरी नवजात बाळाच्या श्रवणचाचणीचा विषय निघाला, तरी या पानांचे सार्थक झाले, असे आम्ही समजू.